स्नायूंचे बळ : आठवड्याचा साधा व्यायामक्रम

भरलेली बादली उचलणे, जिना चढणे, खाली बसून पुन्हा उभे राहणे, या नित्याच्या क्रियांना स्नायूंचे बळ लागते. वयाच्या तिशीनंतर स्नायू हळूहळू क्षीण होऊ लागतात आणि साठीनंतर ही झीज अधिक वेगाने होते. वृद्धपणी कोणाच्या आधारावाचून खुर्चीवरून उठता येईल की नाही, हे पुष्कळ अंशी या झिजेवर अवलंबून असते. सुदैवाने योग्य व्यायामाने ती बरीचशी रोखता येते.

बळ कसे वाढते?

स्नायू म्हणजे असंख्य तंतूंचा जुडगा होय. नेहमीपेक्षा जड वस्तू उचलताना मज्जातंतूंच्या आज्ञेने अधिक तंतू एकाच वेळी आकुंचन पावतात. पहिल्या काही आठवड्यांत बळ वाढते ते मुख्यतः या आज्ञा अधिक कार्यक्षम झाल्यामुळे. पुढे तंतूंमध्ये नवी प्रथिने साठून ते जाड होतात. ही घडण व्यायामानंतरच्या एकदोन दिवसांत होत असल्यामुळे विश्रांती हाही व्यायामाचाच भाग मानावा.

भार तोच राहिला तर शरीर त्यास सरावते आणि वाढ थांबते. म्हणून भार क्रमाक्रमाने वाढवावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या स्नायूंवर हे तत्त्व वापरले आणि १९४५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर बॉस्टन येथे ८६ ते ९६ वर्षांच्या दुर्बळ वृद्धांनी आठ आठवडे असा व्यायाम केला. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांच्या मांडीच्या स्नायूंचे बळ सरासरीने दुपटीहून अधिक झाल्याचे आढळले.

व्यायामक्रम

प्रौढांनी आठवड्यातून निदान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना व्यायाम द्यावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. त्यासाठी सोमवार व गुरुवार हे दिवस ठरवावेत. पाच मिनिटे झपझप चालून आरंभ करावा.

१. बैठका : प्रथम खुर्चीवर टेकून उठावे, पुढे खुर्चीवाचून.
२. जोर : प्रथम भिंतीला हात लावून, मग बाकावर, शेवटी जमिनीवर.
३. ओढ : एक हात बाकावर टेकून, पाठ सरळ ठेवून पुढे वाकावे व दुसऱ्या हाताने बादली कमरेपर्यंत ओढावी. मग हात बदलावा.
४. उचल : गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून बादली दोन्ही हातांनी जमिनीवरून उचलावी.

प्रत्येक प्रकाराच्या ८ ते १२ आवृत्त्यांची एक फेरी, अशा दोन फेऱ्या कराव्यात. मध्ये दोन मिनिटे थांबावे. फेरीच्या अखेरीस आणखी दोनतीन आवृत्त्या करता येतील, इतकाच भार घ्यावा. दोन्ही फेऱ्यांत १२ आवृत्त्या सुखाने होऊ लागल्या की भार थोडा वाढवावा. एक लिटर पाण्याचे वस्तुमान सुमारे एक किलोग्रॅम असते. त्यामुळे बादलीत पाणी मोजून घातले की वाढविलेला भारही आपोआप मोजला जातो. जोर-बैठकांत मात्र पुढची, अधिक अवघड रीत घेणे हीच वाढ.

दक्षता

जोर लावताना श्वास रोखू नये. तसे केल्यास रक्तदाब एकाएकी चढतो. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दुसऱ्या दिवशी स्नायू किंचित ठणकणे स्वाभाविक आहे. परंतु सांध्यात तीव्र कळ, छातीत वेदना किंवा घेरी आल्यास तत्काळ थांबावे. अशा व्यायामाने मुलांची उंची खुंटते, हा समज निराधार आहे. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली त्यांनीही तो करावा.

दिनांक, आवृत्त्या आणि लिटर यांची वहीत नोंद ठेवावी. तीन महिन्यांनी पहिले पान व शेवटचे पान शेजारी ठेवून पाहिल्यास बळ किती वाढले, हे ज्याचे त्यालाच कळेल.