व्यसनमुक्तीचे औषध फार्मासिस्टने द्यावे का?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत फार्मासिस्ट आहे. अफूवर्गीय औषधांच्या व्यसनावर फार्मासिस्टनेच उपचार सुरू करावेत, असे ती म्हणते. हे धोक्याचे नाही का?

उत्तर : शंका रास्त आहे, पण माझ्या मते मोठा धोका उशिराचा आहे. या व्यसनावरचे ब्युप्रेनॉर्फिन हे औषध तलफ शमवते, मृत्यूचा धोका घटवते. मात्र रुग्णाच्या मनाची तयारी होते त्याच दिवशी ते हाती पडायला हवे. डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत ती तयारी विरून जाते. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एका चाचणीत डॉक्टरांशी करार करून प्रशिक्षित फार्मासिस्टांनी हे औषध सुरू केले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत प्रकृती स्थिरावलेल्या ५८ रुग्णांचे दोन गट पाडले. महिनाभराने औषध दुकानातल्या २८ पैकी २५ जण उपचारांत टिकून होते. नेहमीच्या पद्धतीतल्या ३० पैकी केवळ ५. चाचणी लहान होती, हे मान्य. तरीही एवढी तफावत नजरेआड करता येत नाही.

औषध घाईने दिले तर व्यसन तोडतानाचा त्रास एकदम उफाळतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच आधी नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, घाम, अंगावरचा काटा तपासून त्या त्रासाच्या तीव्रतेला गुण देतात. हे कौशल्य शिकवता येते. गोळी बाहेर विकली जाईल ही भीती असेल, तर ती जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत रुग्णाला समोर बसवावे. ब्रिटनमधली औषध दुकाने मेथाडोन अशीच डोळ्यांदेखत देत आली आहेत. गुंतागुंतीचे रुग्ण अर्थातच डॉक्टरांकडेच जावेत. फार्मासिस्टचे अधिकार अमेरिकेत राज्यागणिक बदलतात, तेव्हा मुलीने आपल्या राज्याचा कायदा आधी पाहून घ्यावा.