शासकीय साहाय्य आणि भाषेचा उंबरठा : अमेरिकेतील लॅटिनो मुलांचे उदाहरण

या घटकात आपल्याला एकच उदाहरण तपशिलाने अभ्यासायचे आहे : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लॅटिनो मुलांच्या आरोग्यासाठी व कल्याणासाठी शासनाने केलेली तरतूद. विषय वरवर पाहता समाजकल्याणाचा आहे. मग तो भाषेच्या अभ्यासक्रमात कशाला, असा प्रश्न तुम्हांला पडेल. परंतु कायद्याने मंजूर केलेले साहाय्य मुलापर्यंत पोहोचते ते अर्ज, नोटीस, डॉक्टरांचे प्रश्न आणि औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी यांच्याद्वारे, म्हणजेच भाषेद्वारे. ते अडते तेही पुष्कळदा भाषेपाशीच.

लॅटिन अमेरिकेतील देशांशी ज्यांचे मूळ जोडलेले आहे, त्या लोकांना 'लॅटिनो' म्हणतात. २०२० च्या जनगणनेनुसार त्यांची संख्या सुमारे ६ कोटी २१ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या १८.७ टक्के होती. मुलांमध्ये हे प्रमाण अधिक असून देशातील दर चार मुलांपैकी साधारण एक मूल लॅटिनो आहे. यांतील बहुसंख्य मुले अमेरिकेतच जन्मलेली, म्हणून जन्मतः नागरिक आहेत. त्यांचे आईवडील मात्र अनेकदा परदेशातून आलेले असतात. पुढील विवेचनात ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

योजना बऱ्याच आहेत. अल्प उत्पन्न असलेल्यांसाठी १९६५ मध्ये 'मेडिकेड' सुरू झाली. मेडिकेडसाठी उत्पन्न थोडे जास्त, पण खाजगी विमा परवडत नाही, अशा कुटुंबांतील मुलांसाठी १९९७ मध्ये 'चिप' ही विमा योजना आली. गर्भवती स्त्रिया व पाच वर्षांखालील मुले यांच्या पोषणासाठी 'विक' आहे. १९९६ च्या कायद्याने कायदेशीर मार्गाने आलेल्या बहुतेक स्थलांतरितांवरही मेडिकेडसाठी पाच वर्षे थांबण्याची अट घातली होती. मुलांच्या बाबतीत ती शिथिल करण्याची मुभा राज्यांना २००९ मध्ये मिळाली. त्याच कायद्याने मुलांसाठीच्या अनुवाद व दुभाषा सेवेच्या खर्चातील केंद्राचा वाटाही वाढवला. भाषेसाठी अंदाजपत्रकात वेगळा पैसा धरला गेला, ही माझ्या मते त्या कायद्यातील फारशी चर्चिली न गेलेली, पण महत्त्वाची बाब आहे.

आता एका शब्दाकडे वळू. १८८२ च्या स्थलांतरविषयक कायद्यात 'पब्लिक चार्ज' ही संज्ञा आली. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या, म्हणजे सरकारवर अवलंबून राहू शकेल अशा व्यक्तीला प्रवेश नाकारावा, असा तिचा आशय. इंग्रजीत 'चार्ज' या शब्दाला जबाबदारी, शुल्क, आरोप असे अनेक अर्थ असल्याने संज्ञा काहीशी धूसर राहते. स्पॅनिशमध्ये तिचे 'कार्गा पुब्लिका' झाले आणि 'कार्गा' म्हणजे सरळसरळ ओझे. २०१९ मध्ये या संज्ञेची व्याप्ती वाढवणारा नियम झाला. त्यात एकवीस वर्षांखालील मुलांनी घेतलेले मेडिकेड धरले जाणार नव्हते. 'चिप' आणि 'विक' धरले जाणार नव्हते. नागरिक असलेल्या मुलाने घेतलेला लाभ आईवडिलांच्या खात्यावर पडणार नव्हता. हे सारे अपवाद नियमाच्या दीर्घ मजकुरात होते. वस्तीत पोहोचले ते दोनच शब्द. आपल्याला निवासाचा कायम परवाना मिळणार नाही, या धास्तीने कित्येक पालकांनी हक्काच्या योजनांतूनही मुलांची नावे काढून घेतली. नियम २०२१ मध्ये रद्दबातल झाला, पण नियमाबरोबर भीती रद्द होत नाही.

येथे मराठीतील 'लाभार्थी' हा शब्द आठवून पाहा. लाभाची इच्छा धरणारा, असा त्याचा व्युत्पत्त्यर्थ. त्याऐवजी 'हक्कदार' म्हटले, तर खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या माणसांचे नाते बदलते.

दुसरी अडचण दवाखान्यात येते. हिंदीतील 'शिक्षा' आणि मराठीतील 'शिक्षा' यांतील अंतर आपल्याला ठाऊक आहे. अशा फसव्या समरूप शब्दाने १९८० मध्ये दक्षिण फ्लोरिडात अनर्थ घडवला. बेशुद्ध पडलेल्या अठरा वर्षांच्या मुलाविषयी क्यूबन वंशाच्या नातलगांनी 'इंतोक्सिकादो' असे सांगितले. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काही बाधले. डॉक्टरांनी तो इंग्रजी 'इंटॉक्सिकेटेड' मानला आणि अमली पदार्थाच्या अतिसेवनाचे निदान केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. मुलाचे हातपाय कायमचे निकामी झाले. येथे दुभाषा बोलावण्याची गरजच कोणाला वाटली नाही, कारण शब्द कळला असे दोन्ही पक्षांना वाटले. न कळलेला शब्द माणूस विचारून घेतो. कळल्यासारखा वाटणारा शब्द अधिक धोक्याचा. औषधाच्या चिठ्ठीवर 'दिवसातून एकदा' या अर्थी लिहिलेला इंग्रजी 'वन्स' अक्षरशः तसाच स्पॅनिशमध्ये 'ओन्से', म्हणजे अकरा, असा वाचता येतो.

बालरोगतज्ज्ञ ग्लेन फ्लोरेस व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुभाष्याच्या मदतीने झालेल्या १३ बालरोग-तपासण्यांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. त्यांत ३९६ चुका आढळल्या. कान दुखणाऱ्या मुलासाठीचे पोटात घ्यायचे प्रतिजैविक दोन्ही कानांत घालावे, असे एका आईला सांगितले गेले होते. प्रशिक्षित नसलेल्या दुभाष्यांच्या चुका अधिक गंभीर ठरण्याजोग्या होत्या. असा दुभाषा अनेकदा घरातलेच मूल असते. आईच्या शरीराविषयीचे प्रश्न दहा वर्षांच्या मुलाने तिला विचारावेत, आणि धाकट्या भावंडाच्या आजाराचे नाव त्यानेच उच्चारावे, हे त्या मुलावर टाकलेले ओझे आहे. ते कोणत्याही 'कार्गा'त मोजले जात नाही. २०१६ च्या नियमाने आणीबाणी वगळता लहान मुलांकडून असे काम करून घेण्यास मनाई केली. मात्र इंग्रजी न येणाऱ्यांना शासकीय सेवा मिळाव्यात यासाठीचा २००० सालचा अध्यक्षीय आदेश मार्च २०२५ मध्ये मागे घेण्यात आला, आणि इंग्रजी ही अधिकृत भाषा घोषित झाली.

अर्ज स्पॅनिशमध्ये छापला की काम संपले, असेही समजू नये. मेक्सिकोतून आलेल्या अनेक शेतमजुरांची भाषा मिश्तेक, तर ग्वाटेमालातून आलेल्या अनेकांची माम असते. त्यांच्यासाठी स्पॅनिश हीच शासनाची परकी भाषा होय. अशा वस्त्यांत छापील पत्रकापेक्षा 'प्रोमोतोरा' उपयोगी पडते. ती वस्तीतीलच प्रशिक्षित स्त्री असते. घरी जाऊन, चार गोष्टी बोलून, मग अर्जाचा विषय काढते.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील कोणत्याही एका शासकीय आरोग्य योजनेचा अर्ज मिळवा. ज्यांची घरची भाषा मराठी नाही, अशा एखाद्या पालकाला तो वाचून दाखवा. त्यांनी कोणते शब्द विचारले त्यांची नोंद करा. आणि विचारले नाहीत, तरी वेगळ्याच अर्थाने घेतले, असे शब्द स्वतंत्र लिहा.