कोरा रकाना आणि ‘निरंक’

संगणकावर अर्जाचा नमुना तयार करताना प्रत्येक रकान्यात आरंभी काय दिसावे, हे आधीच ठरवून ठेवता येते. यास ‘डिफॉल्ट’ म्हणतात. अर्जदाराने त्यात बदल केला नाही, तर तेच त्याचे उत्तर म्हणून नोंदले जाते.

कचेरीच्या कामकाजात ‘निरंक’ हा शब्द रूढ आहे. निरंक हे पाहून दिलेले उत्तर होय. कोरी जागा म्हणजे उत्तरच नाही. वार्षिक उत्पन्नाच्या रकान्यात आरंभीच शून्य घातले, की हा भेद पुसला जातो. उत्पन्न नसलेली विधवा आणि रकाना नजरेतून सुटलेला बागाईतदार, दोघेही नोंदीत सारखेच दिसतात. छाननी करणाऱ्यास त्यांना वेगळे काढण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून असा रकाना कोरा ठेवून तो भरणे सक्तीचे करावे.

पर्यायांची उघडती यादी अधिक फसवी. संकेतस्थळावरील अर्जात काहीच ठरवून दिले नाही, तर ब्राउझर सामान्यतः पहिलाच पर्याय निवडलेला दाखवितो. जिल्हे अकारविल्हे लावले असतील, तर घाईतला अर्जदार अकोल्याचा रहिवासी ठरावयाचा! यादीच्या आरंभी ‘जिल्हा निवडा’ अशी मूल्यरहित नोंद ठेवली, की हे टळते.

संमतीच्या चौकटीत तर आधीच खूण करून ठेवणे गैरच. अशी खूण म्हणजे वैध संमती नव्हे, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला. अर्ज सादर केल्याची तारीख मात्र संगणकानेच भरावी. ती अर्जदारास विचारण्याचे कारण नाही.