ताणाची खबर

गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर हातोडीचा हलका ठोका पडला की लोंबता पाय पुढे उडतो. १८७५ साली विल्हेल्म एर्ब आणि कार्ल वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी या झटक्याचं वर्णन स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलं. फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला असलेली भाची आणि शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झालेले मामा यांचा संवाद या झटक्यापासूनच सुरू होतो.

भाची : ठोका कंडरेवर पडतो, मग आवळतो मांडीचा स्नायू, असं का?

मामा : कंडरा दबली की तिला जोडलेला मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. हा ताण टिपणारा अवयव स्नायूच्या पोटातच असतो. त्याला मसल स्पिंडल म्हणतात. आकार सूत कातायच्या चातीसारखा, मधे फुगीर आणि टोकांना निमुळता. लांबी काही मिलिमीटर. आत मोजके बारीक स्नायुतंतू आणि त्यांच्या मधल्या भागाला संवेदी चेतातंतूचे वेढे. ही चाती नेहमीच्या स्नायुतंतूंना समांतर बसलेली असते, त्यामुळे स्नायू लांबला की तीही लांबते. किती लांबला आणि किती वेगाने लांबला, या दोन्ही गोष्टी ती कळवते. यातली वेगाची गोष्ट विसरू नकोस.

भाची : आणि ही खबर मेंदूकडे जाते?

मामा : जाते, पण त्याआधीच पाय उडवायचा हुकूम सुटलेला असतो. चातीचा चेतातंतू मज्जारज्जूत शिरून त्याच स्नायूच्या प्रेरक चेतापेशीला थेट भिडतो. मधे एकच सांधा. म्हणून ठोक्यानंतर सुमारे २० मिलिसेकंदांत स्नायूत विद्युत हालचाल दिसते. त्याच वेळी मधल्या एका चेतापेशीमार्फत मांडीच्या मागच्या स्नायूला गप्प केलं जातं, नाहीतर दोघे एकमेकांविरुद्ध ओढत बसले असते. ही जोडव्यवस्था चार्ल्स शेरिंग्टन यांनी उलगडली. १९३२ चं नोबेल त्यांना एडगर एड्रियन यांच्यासोबत मिळालं.

भाची : थांबा मामा. ताणलेला स्नायू आवळतो म्हणालात. पण खुर्चीत बसताना मांडीचा हाच स्नायू लांबतो. मग माणूस बसतो कसा?

मामा : तो स्नायू थोडा विरोध करतो, आणि करायलाच हवा. तो एकदम सैल पडला तर माणूस खुर्चीत धपकन आदळेल. शिवाय या प्रतिक्षिप्त क्रियेचा जोर ठरावीक नसतो. मेंदूकडून उतरणारे तंतू मज्जारज्जूतच तो वाढवतात किंवा दाबतात. पोटरीच्या स्नायूवरच्या प्रयोगांत हा प्रतिसाद उभं असताना जोरदार आढळला, चालताना कमी, धावताना आणखी कमी.

भाची : तरी पटत नाही. मेंदू दाबूनच टाकणार असेल तर चाती हवी कशाला?

मामा : घाई करतेस. दाबणं म्हणजे बंद करणं नव्हे. उलट मज्जारज्जू चातीला कामावर ठेवायची सोय करतो. स्नायू आखडला की समांतर असलेली चाती सैल पडून मुकी होईल. तसं होऊ नये म्हणून मोठ्या स्नायुतंतूंना हुकूम देणाऱ्या अल्फा पेशींबरोबरच गॅमा पेशीही कामाला लागतात आणि चातीची दोन्ही टोकं आवळून तिला ताठ ठेवतात. नळाखाली हातात धरलेली कळशी भरत जाते, वजन वाढतं, हात जरासा खाली जातो आणि तेवढ्यात सावरतो. ताठ चातीशिवाय हे सावरणं इतक्या लवकर होत नाही.

भाची : आणि गॉल्जीचा अवयव? तो तर स्नायू तुटू नये म्हणून लावलेला फ्यूज ना?

मामा : हेच उत्तर! परीक्षक म्हणून एका महाविद्यालयात गेलो होतो, तिथे वर्गातल्या प्रत्येकाने हेच सांगितलं, कारण नोट्समध्ये तेवढंच लिहून दिलं होतं. दुसरा प्रश्न विचारायची सवयच मुलांना लावलेली नव्हती. कामिल्लो गॉल्जी यांनी १८८० मध्ये वर्णन केलेला हा अवयव स्नायू आणि कंडरेच्या जोडावर, ओढीच्या वाटेतच असतो. तो लांबी नव्हे, ओढ मोजतो. तीही टोकाचीच नव्हे. मोजके तंतू आखडले तरी तो बोलतो, हे १९६७ मध्ये हाउक आणि हेनेमन यांनी दाखवलं. त्याची खबर एरवी स्नायूला आवर घालते. मांजरावरच्या प्रयोगांत मात्र चालताना तीच खबर वजन पेलणाऱ्या पायाला बळ देते, असं आढळलं.

भाची : बरं, हे कळलं. पण चातीच नसली तर काय होईल? माझा प्रश्न तिथेच अडलाय.

मामा : मग ऐक. १९७१ मध्ये १९ वर्षांच्या एका ब्रिटिश तरुणाचे, आजारानंतर, मानेखालचे स्पर्शाची आणि अवयवांच्या स्थितीची खबर नेणारे तंतू निकामी झाले. प्रेरक तंतू शाबूत होते, स्नायूंत ताकद होती, तरी त्याला उठून बसताही येईना. डोळ्यांनी प्रत्येक अवयवावर नजर ठेवत तो पुन्हा हालचाल शिकला. दिवे गेले की मात्र तो कोसळायचा. मेंदूचा हुकूम होता, खबर नव्हती.

भाची : आणि उलट? खबर आहे, पण दाबणारा नाही?

मामा : आता नेमकं विचारलंस. पक्षाघातानंतर वरून येणारा लगाम सुटतो, गुडघ्याचा झटका जोरदार होतो, स्नायू ताठर होतात. पोलिओत प्रेरक पेशीच मरतात, तेव्हा झटकाच नाहीसा होतो. म्हणून पक्षाघाताच्या रुग्णाचा आखडलेला हात सरळ करताना तो सावकाश करावा. झटक्याने ओढला तर चाती तो वेग कळवते आणि स्नायू आणखी आवळतो.