यंदा मुलीने काय दाखविले?

बारावीचा निकाल लागला म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न दरसाल एकच असतो, आणि तो प्रश्न नसून बहुधा फर्मानच असते : मुलाला आवड असो वा नसो, संगणक शाखाच मिळाली पाहिजे. तिच्या प्रवेशफेऱ्यांचा व शुल्काचा तपशील माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. त्यावर मी शाई खर्चीत नाही.

यंदा मात्र एक गृहस्थ निराळाच कागद घेऊन आले. त्यांची कन्या भौतिकीत एम.एस्सी. होऊन गॅमा किरण खगोलभौतिकीत पीएच.डी. करीत आहे. तिच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रगती-अहवालात, अमुक दीर्घिकेकडून लक्षणीय असे काही आढळले नाही, या अर्थाच्या ओळीखाली त्यांनी लाल पेन्सिलीने दोन रेघा ओढल्या होत्या. "म्हणजे साहेब, वर्ष फुकट गेले ना?"

गेले नाही. लडाखमध्ये हानले येथे, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली 'मेस' ही गॅमा किरणांची दुर्बीण आहे; तिच्याच निरीक्षणांवर ही मुलगी काम करते. दुर्बिणीच्या आरशाचा व्यास २१ मीटर असून तिचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचतच नाही. तो वरच्या हवेत आदळला की कणांची सर उसळते, त्या कणांमुळे जी निळसर चेरेंकोव्ह झळक उमटते ती सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरतीच टिकते, आणि वैश्विक किरणांमुळे उठणाऱ्या तसल्याच असंख्य झळकांच्या गर्दीतून ती निवडून काढावयाची असते. पहिले वर्ष अभ्यासक्रमात जाते, दुसरे बहुतांशी संगणकावर कृत्रिम झळका निर्माण करून आपली चाळणी पारखण्यात. त्यानंतर दीर्घिकेच्या दिशेचा आकडा शेजारच्या रित्या आकाशाच्या आकड्याशी ताडून पाहावयाचा, आणि फरक पाच सिग्मांच्या (म्हणजे प्रमाण विचलनांच्या) घरात गेल्याखेरीज 'सापडले' हा शब्द उच्चारावयाचा नाही, असा या मंडळींचा शिरस्ता. तिला फरक दिसला नाही. तेव्हा यापेक्षा अधिक गॅमा किरण तेथून येत नाहीत, अशी 'अपर लिमिट' तिने काढून दिली. त्या दीर्घिकेविषयीची कित्येक अनुमाने एवढ्यानेच बाद होऊ शकतात. नसलेले दिसल्याचा दाखला तिने दिला नाही, हीच तिची तिसऱ्या वर्षाची प्रगती.

पालकहो, स्पष्टच बोलतो. पहिलीपासून एम.एस्सी.पर्यंत तुम्ही गुणपत्रिकेवर सही करीत आलात, म्हणून संशोधनालाही वार्षिक परीक्षा असते असे समजू नका. मार्गदर्शक व सल्लागार समिती तिची झाडाझडती घेतच असतात. त्यात तुमच्या तगाद्याची भर नको. पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपयांची पाठ्यवृत्ती व पुढे फेरतपासणीनंतर ४२,००० मिळत असता 'पोटापाण्याचे काय' हा प्रश्न तूर्त गैरलागू ठरतो. कायम जागा थोड्या आहेत, हे मात्र मुलांनीही आधीच कबूल करून यावे. ज्याला दर सहामाहीस शाबासकी लागते, त्याने या वाटेस जाऊ नये.

ज्याला लागत नाही त्याने एम.एस्सी. प्रवेशाच्या 'जॅम' परीक्षेची, पुढे पीएच.डी. प्रवेशाच्या 'जेस्ट'ची तयारी करावी. आणि तालुक्याच्या महाविद्यालयात बसूनही 'फर्मी' या गॅमा किरण टिपणाऱ्या उपग्रहाची निरीक्षणे संगणकावर उतरवून घेता येतात, ती सर्वांस विनामूल्य खुली आहेत.

गृहस्थांनी कागदाची घडी घातली आणि मुलगी फोन उचलीत नाही, अशी तक्रार केली. मी म्हणालो, अमावास्येच्या रात्री करीत असाल. चंद्र नसतो तेव्हा हे लोक बहुधा कामात असतात. पौर्णिमेच्या सुमारास करा, आणि अहवालाचे काढू नका.