संगणकाचा आवाज जातो कुठे?

(द्वितीय वर्ष, कला)

दिवाळीच्या सुट्टीनंतर महाविद्यालय उघडले आणि पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या कोपऱ्यातला संगणक मुका झाला. इतरांना ही काही मोठी घटना वाटली नाही. पण माझ्या एका वर्गमित्राला जन्मापासून दिसत नाही. आम्ही टंकलेली इतिहासाची टिपणे तो याच संगणकावर ऐकतो. सत्र परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

हा संगणक जुना आहे. त्यावर उबंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली घातलेली आहे, कारण तिला पैसे पडत नाहीत. तिच्यात 'ओर्का' नावाचा पडदावाचक असतो. आल्ट, विंडोज-चिन्हाची कळ आणि एस या तीन कळा एकत्र दाबल्या की ओर्का जागा होतो व पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. त्याला आवाज पुरवतो तो 'ईस्पीक एनजी'. त्याचे मराठी अगदीच यांत्रिक आहे. पण माझा मित्र ते इतक्या वेगाने ऐकतो की मला त्यातला एक शब्दही धड कळत नाही.

पहिल्या दिवशी मी माहीत होते तेवढे सर्व केले. आवाज शंभरावर नेला, संगणक तीनदा बंद-चालू केला, स्पीकरला दोन चापट्याही मारल्या. मित्र शेजारी बसून होता. तो म्हणाला, "तुम्हाला बघून दुरुस्त करता येतं रे. मला दुरुस्त करायलाच आधी आवाज लागतो." या गोष्टीचा मी त्याआधी कधी विचार केला नव्हता.

माझे वडील मंडप-स्पीकरवाल्याकडे कामाला आहेत. चौथीनंतर ते शाळेत गेले नाहीत. रात्री जेवताना मी त्यांना हा प्रकार सांगितला. ते म्हणाले, "कर्णा बोलत नाही म्हणून कर्ण्याला मारत नाहीत. आवाज कुठवर आलाय ते बघायचं." लग्नाच्या मंडपात माइक बंद पडला की ते माइकची वायर काढतात आणि तिच्या माइककडच्या टोकाला बोट लावतात. कर्ण्यातून 'घूंऽऽ' आले तर ॲम्प्लिफायर, वायर आणि कर्णा ठीक, दोष माइककडचा. नाही आले तर दोष पुढे. एवढ्या एका बोटाने अर्धे काम निकालात निघते.

मग मी लिनक्समध्ये आवाजाची वाट कशी आहे ते शोधू लागलो. वाचकहो, ती थोडक्यात अशी. ओर्कासारखा कार्यक्रम आवाज तयार करतो. तो 'पाइपवायर' नावाच्या मध्यस्थाकडे जातो. पाइपवायर अनेक कार्यक्रमांचे आवाज एकत्र मिसळून 'अल्सा'कडे देतो. अल्सा हा प्रणालीच्या गाभ्यातला भाग. ध्वनिपत्राशी, म्हणजे साउंड कार्डाशी, प्रत्यक्ष बोलतो तो हाच. त्यापुढे मागचे हिरवे भोक, वायर आणि स्पीकर.

अल्साचे काम यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केले आणि २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ या गाभ्यापासून ते लिनक्सचे मुख्य ध्वनिसाधन झाले. मध्यस्थाची जागा पुढे बरीच वर्षे 'पल्सऑडिओ'कडे होती. आता उबंटूत ती विम टायमन्स यांच्या पाइपवायरकडे आहे; २०२२ च्या ऑक्टोबरातील २२.१० या आवृत्तीपासून. पाइपवायर सामान्यपणे सेकंदाला ४८,००० नमुने या गतीने काम करतो आणि १,०२४ नमुन्यांचा एकेक घास पुढे ढकलतो. म्हणजे एका घासाला सुमारे २१ सहस्रांश सेकंद लागतात. गाणे ऐकणाऱ्याला याचे काही नाही. कळ दाबताच अक्षर कानी पडावे अशी ज्याची गरज आहे, त्याला घास मोठा झालेला लगेच जाणवतो.

दुसऱ्या दिवशी मी 'पाव्हूकंट्रोल' नावाची खिडकी बसवून घेतली. तिच्यात प्रत्येक कार्यक्रमाच्या आवाजासोबत एक पट्टी हलताना दिसते. माझ्या लेखी हेच वडिलांचे बोट. ओर्काची पट्टी हलत होती! म्हणजे ओर्का बिचारा बोलतच होता. मग जात कुठे होता? सुट्टीत ग्रंथालयात नवा पडदा आला होता, तो एचडीएमआय तारेने जोडलेला. या तारेतून चित्राबरोबर आवाजही जातो. संगणकाने परस्पर ठरवले की आवाज पडद्याकडे पाठवायचा. आणि त्या पडद्याला स्पीकरच नाही. दोन दिवस ओर्का एका बहिऱ्या काचेला इतिहास वाचून दाखवत होता.

मी बाहेर जाण्याचे साधन बदलून 'ॲनालॉग' केले. मोठ्या आशेने कान दिले. शांतता.

पट्टी मात्र आता योग्य साधनावर हलत होती. तेव्हा दोष त्याच्या पुढे, अल्सात किंवा तारेत. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत 'अल्सामिक्सर' लिहिले, एफ-६ कळीने खरे ध्वनिपत्र निवडले. उभे खांब दिसू लागले. खांबाखाली 'एमएम' असेल तर तो बंद समजावा; एम कळ दाबली की उघडतो. उजवीकडे टोकाला 'ऑटो-म्यूट' असा एक खांब होता आणि तो चालू होता. हेडफोन लावला की स्पीकर आपोआप गप्प करणारी ही सोय. आमच्या संगणकाचे पुढचे हेडफोनचे भोक मोडके आहे. त्यात काही नसताना संगणकाला वाटत होते की हेडफोन लावलेला आहे! ऑटो-म्यूट बंद केला, पाव्हूकंट्रोलमध्ये 'हेडफोन' ऐवजी 'लाइन आउट' निवडले, आणि 'स्पीकर-टेस्ट' चालवली. डाव्या स्पीकरमधून एक बाई इंग्रजीत "फ्रंट लेफ्ट" म्हणाल्या. मित्राने टेबलावर हात आपटला.

एकाच वेळी दोन दारे बंद होती, म्हणून पहिले उघडूनही काही कळले नाही. मी तिथेच हात टेकले असते तर पहिलाही उपाय चुकीचा ठरवून पूर्ववत केला असता.

पण त्याच्या त्या वाक्याचे उत्तर अजून द्यायचे होते. मी चार ओळींची एक आज्ञावली लिहिली: आवाज ॲनालॉगकडे वळव, बंद असेल तर उघड, ६० टक्क्यांवर आण, ओर्का नव्याने सुरू कर. कळफलकाच्या सेटिंगमध्ये जाऊन ती कंट्रोल-आल्ट-झेड या कळांना जोडली. अल्साची मांडणी संगणक नीट बंद करताना जपली जाते. आमच्याकडे वीज केव्हाही जाते, म्हणून 'अल्सा-सीटीएल स्टोअर' ही आज्ञा देऊन ती हाताने जपून ठेवली. मग मी मुद्दाम आवाज पडद्याकडे वळवला आणि काही न बोलता उठून उभा राहिलो. त्याने चाचपडत तीन कळा दाबल्या. ओर्का बोलू लागला.

"सरक आता," तो म्हणाला, "फ्रेंच राज्यक्रांती राहिली आहे."

एक अडचण उरली आहेच. ऑटो-म्यूट बंद असल्याने, आणि पुढचे भोक मोडके असल्याने, राज्यक्रांती आता सगळ्या वाचनकक्षाला ऐकू येते. ग्रंथपाल सरांनी ६० चे ४० करायला सांगितले. ते त्याचे त्यानेच केले.