गिनी फाउलची पिल्लं : पावसापासून उलटं मोजा



मागच्या तीन बैठकांत एकच प्रश्न आला. "ताई, ती ठिपक्यांची कोंबडी पाळली तर परवडेल का?" आपल्या निम्म्या घरांचं एक दार गावात आणि दुसरं लालबाग-परळला. कुणाचा दीर गिरगावात, कुणाची बहीण दादरला. क्रॉफर्ड मार्केटला, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडईत गेलेल्या माणसाने पिंजऱ्यातले हे पक्षी पाहिलेले असतात. मग फोन येतो, "अंडी पाठवू का गावाला?" हो म्हणायच्या आधी हा पाठ वाचा.

आधी पक्षी ओळखा

गिनी फाउल मूळचा आफ्रिकेतला. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, डोकं जवळजवळ बोडकं, वर शिंगासारखा तुरा. काही भागांत याला तितारी म्हणतात. नावावरून गोंधळू नका. रानातला तितर वेगळा, आणि त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. रानातून तितराची किंवा रानकोंबडीची अंडी आणून उबवणं गुन्हा आहे. गिनी फाउल हा पाळीव पक्षी आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच्या कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी अशा जाती तयार केल्या आहेत.

याचे गुण म्हणजे मोठा झाल्यावर काटक असतो, गोचीड-किडे वेचून खातो आणि परका माणूस किंवा साप दिसला की ओरडून घर जागं करतो. दोषही तोच, आवाज! आपल्या एका ताईंच्या लालबागच्या जावेने हौसेने चार पक्षी चाळीच्या गॅलरीत ठेवले. तिसऱ्या दिवशी सगळा मजला दारात उभा. पक्षी गावाला परत आले. तेव्हा मुंबईच्या नातेवाइकांना पाळायला देऊ नका. तुमच्याही घराला घर लागून असेल तर शेजारणीला आधी विचारा.

पावसापासून उलटं मोजा

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. पहिल्या सहा आठवड्यांत पिल्लाला ओल चालत नाही. पिसं भरली की मग ते पावसाला तोंड देतं. कोंबडीची अंडी 21 दिवसांत फुटतात, याची 26 ते 28 दिवसांत. म्हणजे अंडी बसवल्यापासून पिसं भरेपर्यंत दहा आठवडे लागतात. आपल्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरतो. दहा आठवडे मागे जा, एप्रिलचा पहिला आठवडा येतो. मादी मार्च-एप्रिलपासून अंडी द्यायला लागते, म्हणून हे जमतं.

पुढचंही मोजा. एप्रिलअखेर पिल्लं, जुलैअखेर बारा आठवडे पूर्ण आणि वजन साधारण एक किलो. आषाढ अमावस्या जुलै-ऑगस्टमध्ये येते. म्हणजे नर गटारीच्या आधी विकता येतात. ती वेळ चुकली तर श्रावण लागतो, मग गणपती. तोवर गिऱ्हाईक थांबतं, खाद्य मात्र थांबत नाही.

अंडी आणि रवण

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. धुवायची नाहीत. निमुळतं टोक खाली करून थंड जागेत ठेवा. दादरहून रात्रीच्या गाडीने हादरत आलेली अंडी लगेच बसवू नका, एक दिवस स्थिर राहू द्या. चार-पाच माद्यांमागे एक नर असलेल्या ठिकाणचीच अंडी घ्या, नाहीतर ती रिकामी निघतात.

गिनी फाउलची मादी आई म्हणून कच्ची. पिल्लांना ओल्या गवतातून फिरवते आणि मागे राहिलेल्यांकडे बघत नाही. म्हणून आपली गावरान खुडूक कोंबडीच बरी. मोठ्या कोंबडीखाली 12 ते 15 अंडी बसतात. तिला बसवण्याआधी उवा-पिसवा पाहून घ्या.

इथे एक चूक हमखास होते. डालग्यात चार कोंबडीची आणि दहा गिनीची अंडी एकत्र ठेवतात. एकविसाव्या दिवशी कोंबडीची पिल्लं निघतात, आई त्यांना घेऊन उठते आणि गिनीची अंडी गार पडतात. अंडी मिसळू नका. कोंबडीला एक आठवडा जास्त बसायचं आहे, तेव्हा दाणा-पाणी जवळ ठेवा.

गटाकडे पंख्याचं उबवणी यंत्र असेल तर तापमान 37.5 अंश ठेवा. अंडी दिवसातून निदान तीन वेळा फिरवा, 25व्या दिवसापासून फिरवणं बंद. शेवटचे तीन दिवस ओलावा वाढवा आणि झाकण उघडून बघायचा मोह आवरा. कवच जाड असतं, पिल्लाला वेळ लागतो.

पहिले पंधरा दिवस

आता माझी चूक सांगते. मागच्या पावसाळ्यात एका ताईंनी गटातून 4,000 रुपये अंतर्गत कर्ज घेऊन 20 पिल्लं आणली. खोक्यात खाली काय घालू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वर्तमानपत्र घाला. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकले, काहींना उभंच राहता येईना. त्यात छपराची गळती. तीन दिवसांत 11 पिल्लं गेली. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हप्ता कसा भरू ते सांगा." गटाने बैठकीत हप्ते लांबवून दिले. पण ते नुकसान माझ्या अर्धवट माहितीमुळे झालं, आणि म्हणून हा पाठ लिहिते आहे.

तर पिल्लांसाठी हे करा :

1. खाली पहिला आठवडा खरबरीत गोणपाट, नंतर सुकं तूस. ओलं झालं की त्याच दिवशी बदला.
2. पहिल्या आठवड्यात ऊब 35 अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा. दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते, लांब जाऊन धापा टाकत असतील तर उकडतंय, सगळीकडे पसरली असतील तर ठीक आहे.
3. वीज गेली तर बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, धुराने पिल्लं आणि माणसं दोन्ही गुदमरतात. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.
4. पाण्याची थाळी उथळ, आणि तिच्यात खडे. पिल्लं इतकी लहान असतात की वाटीभर पाण्यात बुडतात, भिजली तरी गारठून मरतात.
5. यांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त प्रथिनं लागतात, पहिले चार आठवडे साधारण 24 ते 26 टक्के. बाजारातल्या पिल्लांच्या खाद्यात उकडलेलं अंडं कुस्करून घाला, किंवा मीठ न लावलेल्या सुक्या जवळ्याची थोडी पूड. नुसत्या कण्यांवर पिल्लू वाढत नाही.
6. औषध मिसळलेलं ब्रॉयलरचं खाद्य डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. कोंबडीला चालणारी काही औषधं गिनी फाउलला विषारी ठरतात.

बाहेर सोडताना

आठ-दहा आठवडे खुराड्यातच ठेवा, म्हणजे घर कुठलं ते त्यांना कळतं. मग संध्याकाळच्या दाण्याआधी दोघांना सोडा, बाकीचे आत. आतल्यांच्या ओढीने ते परत येतात. एकदम सगळे सोडले तर झाडावर जाऊन बसतात, आणि रात्री घुबड, रानमांजर टपलेलं असतं.

नर-मादी रंगावरून कळत नाही. साधारण आठ आठवड्यांनंतर कान द्या. मादी दोन तुकड्यांत ओरडते, नराला ते जमत नाही. तो एकसुरी ओरडतो. घाबरल्यावर मादीही एकसुरी ओरडते, म्हणून एकदाच ऐकून ठरवू नका. माद्या राखा, जादा नर विका.

काटक आहे म्हणून लस टाळू नका. राणीखेत यांनाही होतो. लसीचं वेळापत्रक पशुसखीकडून किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या. बाजारात ठिकठिकाणचे पक्षी एकत्र येतात, त्यामुळे तिथून आणलेला पक्षी तीन आठवडे आपल्या कोंबड्यांपासून वेगळा ठेवा. मुंबईला जाणं झालं तर परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय लक्षात ठेवा. 1886 साली सुरू झालेलं हे महाविद्यालय आहे, आणि तिथे कुक्कुट विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. जाताना प्रश्न वहीत लिहून न्या.

कर्ज मागण्याआधी

पहिल्या वर्षी एक खुडूक कोंबडी आणि एक डालगं अंडी, एवढंच करा. त्याला मोठं कर्ज लागत नाही. वहीत चार रकाने पाडा : बसवलेली अंडी, निघालेली पिल्लं, सहा आठवड्यांनी जगलेली पिल्लं आणि खाद्याचा खर्च. दुसऱ्या वर्षी कर्जाचा अर्ज आला की गटाने ही वही मागावी. 'जगलेली पिल्लं' हा रकाना बघूनच रक्कम ठरवा.

त्या ताईंची नऊ पिल्लं जगली. चार माद्या त्यांनी राखल्या आहेत, एक नरही ठेवला आहे. यंदा मार्चमध्ये त्यांच्याकडचीच अंडी बसवायची ठरली आहेत. ज्यांना बघायचं आहे त्यांनी पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत नाव द्या, आपण एकत्र जाऊ. गोणपाट कसं अंथरायचं ते आता त्याच शिकवतील.

तुमची,
क्षेत्र समन्वयक